नेहमीची स्थिती

कॅमेरा भिंतीवर बसला, चित्रही आलं:
गार खोलीचं मागचं दार, दारापाशी रिकामे क्रेट
आणि कुणा बाईची विसरलेली लोकरी टोपी.
आता उरला पाठीमागचा हिरवा ठोकळा,
चार खाचांचा, नखाएवढ्या स्क्रूंचा.
काळी वायर अर्थिंगची, लाल बारा व्होल्टची,
उरलेल्या दोघींनी काय करायचं
ते मी ठरवायचं.

पिंपळगाव बसवंत. जानेवारी. रात्रीचे साडेआठ.
बाहेर सहा अंश, आत अर्धा.
माझ्या बोटांना दोन्ही सारखेच,
द्राक्षांना मात्र कळतं, असं बोरस्ते म्हणतात.
गेल्या आठवड्यात दार रात्रभर किलकिलं राहिलं
आणि सकाळी मणी घामेजलेले.
"चोर नाही पकडला तरी चालेल," ते म्हणाले,
"दाराचं तेवढं सांगत जा म्हणावं."

क्रेटवर लॅपटॉप ठेवून पान उघडलं.
एक पोर्ट आत येणारा, एक बाहेर जाणारा.
नावाच्या जागी आधीच कुणी लिहिलेलं: पोर्ट एक.
ते पुसून लिहिलं: मागचं दार.
रात्री दोनला मेसेज गेला
तर झोपेतल्या माणसाला कळायला हवं, कुठलं.

दुसऱ्याचं काम भोंगा वाजवायचं.
पण कॅमेऱ्याच्या अंगात बळ पन्नास मिलीअँपिअर;
तो फार तर खुणावणार.
ओरडायला मध्ये रिले लागतो,
हळू बोलणाऱ्या आत्याशेजारी
खड्या आवाजाचं पोर बसवतात, तसा.

मग तो रकाना आला.
नेहमीची स्थिती: उघडी की बंद?

लहानू गांगुर्डे, रात्रपाळीचे,
शेकोटी सोडून मागे येऊन उभे.
"ताई, दार तं बंदच असतंय नेहमी."
दार नाही काका, सर्किट.
उघडं ठेवलं तर वायर गप्प बसते,
दार हललं की बोलते.
पण उंदराने ती कुरतडली, तरी गप्पच,
आणि आपण म्हणणार, ठीक आहे.
बंद ठेवलं तर ती सारखी हं, हं, हं म्हणत राहते.
हुंकार तुटला की भोंगा.

त्यांनी मफलर हनुवटीखाली ओढला.
"म्हंजे आमच्या मंदीचा मिसकॉल.
पेठला दिलीये. रोज नऊला एकदा वाजवती न् कट करती.
आपण उचलायचा नाई.
ज्या दिशी वाजनार नाई,
त्या दिशी मी पहिली गाडी धरनार."

मी "बंद" निवडलं.
उशीर: नव्वद सेकंद.
मग हौसाबाई क्रेट घेऊन कशी चालते ते आठवलं,
शंभर केले. जतन करा.

दार उघडून मोजत राहिलो दोघं.
टक्. भोंगा.
शेकोटीपाशी कुत्रं उठून बसलं.
दार लावून मी मुद्दाम वायरच कापली.
पुन्हा शंभर. पुन्हा भोंगा.
जोडली, टेप गुंडाळली.

नऊ वाजून चार मिनिटं.
लहानूकाकांचा हात खिशावर.
आवळलेले स्क्रू मी परत आवळत होते.
नऊ वाजून सात. एकदाच वाजला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
शेकोटीत एक काडकी सरकवली.

निघताना गेटवरच्या जुन्या कॅमेऱ्याचं पान पाहिलं.
नेहमीची स्थिती: उघडी.
पोर्टला काहीच जोडलेलं नाही,
वायर कुणी कधीचीच काढून नेलेली,
आणि पडद्यावर हिरवा ठिपका:
सामान्य. दोन वर्षं.

ओझरपर्यंत स्कूटीवर दात वाजत होते.
भाऊ मनमाडला असतो.
आमचंही आता दोन वर्षं
सामान्यच आहे.
किती वाजता वाजवलं तर तो उचलणार नाही,
हा हिशेब करता करता
आडगाव नाका आला.