जस्तातलं नाक

मी चित्रकार नव्हे. मी ब्लॉकवाला.
महालातल्या छापखान्यात, जिन्याखालच्या खोलीत,
जस्ताचा पत्रा आणि नायट्रिकचं ताट,
एवढंच माझं संस्थान.
वरून यादोराव पराते चित्र पाठवायचे,
शाई ओली, कोपऱ्यात चहाचा गोल डाग,
आणि सोबत चिठ्ठी: नाक खाऊ देऊ नको.

ॲसिडला नाक आवडायचं.
रेघ बारीक असेल तिथे ते आधी पोचायचं,
म्हणून मी चुरचुरत्या डोळ्यांनी उभा,
नामदारांचं नाक वाचवत.
त्यांच्या घरच्यांनीही इतकं जपलं नसेल.

ब्लॉकवर सगळं उलटं असतं.
उजव्या गालावरचा मस डावीकडे,
टोपीचं टोक पलीकडे.
वीस वर्षं मी राज्य असंच पाहिलं.
कागदावर सुलट छापून आलं
की मलाच ते खोटं वाटे.

मग ते साल आलं,
ज्या साली संपादक हळू बोलू लागले
आणि लाल पेन्सिलवाले एक साहेब
रोज संध्याकाळी टेबलाशी बसू लागले.
चेहरा नको, म्हणाले.
यादोरावांनी नुसती चौकट दिली, आत काही नाही.
साहेबांनी ती बराच वेळ पाहिली.
"रिकामी जागाही नको. लोक भरतात."

तेव्हा यादोरावांनी वांगं काढलं.
भरताचं, गोल बुडाचं, देठापाशी किंचित वाकलेलं.
खाली दोन शब्द: आजचा भाव.
साहेबांनी सही केली. वांग्यावर कलम नव्हतं.
दुसऱ्या दिवशी बुधवार बाजारात
एका बाईनं टोपलीत पाहिलं, पदर तोंडाला लावला,
"अर्धा किलो नामदार दे बापा.
किडका नको."

दिवस फिरले. हिवाळी अधिवेशनाला
नामदार स्वतः आमचा जिना चढून आले.
यादोरावांच्या पाठीवर थाप,
"मस्त काढता हो आम्हाला!
ते वांगं द्या. मूळ चित्र. दिवाणखान्यात लावतो."
हसले. संपादक हसले. मीही हसलो, दारातून.
यादोरावांनी चित्र दिलं, नाही कसं म्हणतील,
आणि रात्री खाली येऊन माझ्या स्टुलावर बसले.
ताटाकडे पाहत म्हणाले,
"एवढा चावलो मी,
न् याले गुदगुल्या झाल्या."

पोळ्याच्या आधी तांडापेठेतून किसना निमजे आला,
बगलेत आमचाच जुना अंक, घडीवर फाटलेला.
"हे नाक पायजे. बडग्याले."
"ने."
"पण इतकं लहान काहून काढलं जी?"

बांबूच्या कामट्या, खळ, रद्दी.
रद्दीही आमचीच.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
पिवळीच्या मागे, काळीच्या मागे,
सात हात नाक इतवारीच्या गल्लीत वळेना.
विजेच्या तारा काठीनं उचलाव्या लागल्या.
पोरं ओरडत होती, घेऊन जा गे मारबत,
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा,
आणि मधेच, त्याच चालीत, ते नाव.
यादोराव पानठेल्याच्या फळीला टेकून उभे होते.
नाक पेटलं, कामट्या फुटू लागल्या,
त्यांनी चष्मा काढून पुसला, परत पुसला.
धूर होता, असं नंतर म्हणाले.

ते मूळ चित्र मागायला
कुणी आलं नाही.

पुढे ऑफसेट आलं. ब्लॉक किलोनं गेले,
मोर्चे, शपथविधी, पडलेली सरकारं,
बारा पोती.
भंगारवाल्यानं लाकूड सोलून वेगळं केलं,
त्याचा भाव निराळा.
एक मी ठेवला. नाकाचा.
वीजबिलं उडू नयेत म्हणून वर असतो.

परवा मीटरवाला पोरगा आला, बावीसेक वर्षांचा.
त्यानं ब्लॉक उचलला, उजेडात तिरपा धरला,
आणि खो खो हसत नाव घेतलं.
आजच्याचं.

मी म्हटलं, बाबा, ते उलटं आहे.
"असू द्या काका," तो म्हणाला,
"ओळखू येते."