रकाना सात

मोजणीच्या कामावर मी लागलो तेव्हा
हेल्मेटं पिवळी होती.
पुढं निळी झाली, मग पांढरी.
कंपनी पुन्हा विकली गेली, ही बातमी
न्दियोबेन गावाला एवढ्यावरूनच कळायची.
मालक कुठल्या देशात बसतो
हे मलाही ठाऊक नव्हतं;
माझा पगार तीन भाषांतल्या शिक्क्यांखालून यायचा.

हातात छापील दरपत्रक.
आंबा, फळता: इतके फ्रँक.
आंबा, न फळता: निम्मे.
काजू. लिंबू. गोरखचिंच, बुंध्याच्या घेरानुसार.
कबरींसाठी वेगळी समिती होती,
ती गुरुवारी यायची.

मोसान न्गोमच्या शेतात
बाजरीच्या धसकटांत एकच झाड: काड.
बाभळीच्या गोतातलं, पण चालीनं उलटं.
पावसात सगळं रान अंगभर नेसतं
तेव्हा हे पानं टाकून नागडं उभं,
बाजरीच्या ऊन आड येऊ नये म्हणून.
आणि रान भाजून निघालं की
हे गच्च पालवतं.
मग गुरं त्याच्याखाली येऊन बसतात,
शेंगा चघळतात, शेण टाकतात,
आणि दुपार सरते.

मी दरपत्रक वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं.
"फळ येतं का?"
"शेंगा येतात."
"माणसं खातात?"
"गाई खातात. गाईंचं माणसं खातात."
याला रकाना नव्हता.

"मोज की," ती म्हणाली, "मोजायलाच आलायस ना,"
आणि बुंध्याला पाठ लावून चालू लागली.
तेरा पावलांपर्यंत कणीस कोपराएवढं.
विसाव्या पावलाला वीतभर.
त्यापुढं तिनं नुसती करंगळी दाखवली.

मी लिहिलं:
रकाना सात, इतर, नग एक.

खरेदीखतावर तिचा अंगठा उमटला.
त्या कागदात खत होतं ते एवढंच.
उरलेली जांभळी शाई तिनं
झाडाच्या सालीला पुसली.

झाड पडायला अर्धी सकाळ लागली.
खाली वाळू, वाळूखाली वाळू,
आणि बावीस मीटरवर
समुद्र निघाला. जुना, वाळून पांढरा पडलेला,
माशांच्या हाडांचा.
शार्कचे दात पोरं वेचायची
आणि इंजिनिअरांना विकायची,
पन्नास फ्रँकला एक. तुटका असेल तर वीस.
उरलेला समुद्र बंद डब्यांतून
रात्रीच्या गाडीनं बंदराकडे जायचा.

तिसऱ्या हंगामात मोसानकडे गेलो,
नव्या जागेवर, जिथं कुदळ वाजते.
भरपाईतलं शेवटचं जे होतं
त्याचं तिनं एक पोतं आणलं होतं.
पोत्यावर मक्याचं चित्र.
बाजरीचं चित्र कुणी छापत नाही.

"वाच."
मी वाचलं: पंधरा, पंधरा, पंधरा.
"ह्यात आमचं आहे का?"
"मधला आकडा तुमचा असू शकेल."
"असू शकेल?"
"परदेशात सगळं एकत्र कालवतात, मोसान.
कुठल्या खाणीचं कुठल्या पोत्यात,
ते कालवणाऱ्यालाही सांगता येत नाही."

ती जरा वेळ गप्प बसली.
मग शिवण उसवून
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि चाचपत राहिली.
"काय शोधतेस?"
"दात," ती म्हणाली. "एखादा राहिला असला तर."

आता खाणीला तारेचं कुंपण आहे.
कडक उन्हाच्या महिन्यांत
गावातल्या म्हाताऱ्या गाई भर दुपारी तिकडेच जातात.
कुणी हाकलत नेत नाही.
तारेला नाक लावून
खड्ड्याच्या एका ठराविक बाजूकडे
बघत उभ्या असतात. रवंथ चालू.

पांढऱ्या हेल्मेटचा पोरगा, नवीनच लागलाय,
वही उघडून परवा मला विचारत होता:
काका, सात गाई. आत आलेल्या नाहीत,
पण जातही नाहीत.
कशात लिहू?