पाचवरचा तीळ

जुन्या मशीनला बटणं होती.
पाचच्या बटणावर एक उंचवटा, तिळाएवढा.
त्यावर अंगठा टेकला की
वर झरी, खाली बोरी,
अन् पार कोपऱ्यात, झिजून गुळगुळीत, जिंतूर.
शेवटच्या गाडीत दिवे बंद असले तरी
मी डोळे पॅसेंजरवर ठेवून तिकीट फाडायची.

आता काच आलीय.
काचेवर झरी अन् बोरी सारख्याच थंड.
खाली बघावं लागतं. बघेपर्यंत
गाडी खड्ड्यात आपटते, बोट घसरतं,
पोराचं हाफ फुल होतं
अन् त्याची माय माझ्याशी भांडती.

मग हाफच्या नेमकं शेजारी, मशीनच्या काठावर
मी एक टिकली चिकटवली,
पाकिटातली सगळ्यात बारकी.
आठ दिवसांत बोटाला रस्ता कळला.

दिवाळीच्या तोंडावर अपडेट आलं.
हाफ तिथून उठून वरच्या रांगेत जाऊन बसलं.

बोरीच्या अलीकडं एक चिंच होती, रस्ता रुंद करताना गेली.
पाटी नाही, शेड नाही.
तरी अन्सारचाचा रोज ओरडतात, ‘चिंचंपाशी घ्या!’
अन् ड्रायव्हर अंधारात नेमका तिथंच ब्रेक दाबतो.

टिकली मी काढली नाही.
बोट आधी तिला शिवतं,
मग वर जातं.