जयगडात बटाटा होत नाही

जयगडात बटाटा होत नाही.
कातळावर वीतभर माती, तीही श्रावणापर्यंत खाडीला मिळते.
आमच्याकडे सुरण, कणगी, कडू करांदे.
बटाटा आंबा घाट उतरून ट्रकातून येतो,
गोणीवर रात्रभर क्लीनर झोपलेला,
म्हणून पहिल्या पाण्याला विडीचा वास.

बावा म्हणायचा, खोटं.
हा मूळचा दर्यावर्दी. नाव बघ त्याचं,
फिरंग्यांच्या गलबतातून उतरलं,
पाव, चावी, पगार यांच्या मागे रांगेत उभं राहून.

बावा, म्हणजे शमसुद्दीन डिंगणकर,
एकतीस वर्षं जहाजावर भंडारी.
उजव्या अंगठ्यावर सुरीने पाडलेली घडी,
वाचून ठेवलेल्या पानाला असते तशी.
बंदरांची नावं तो सांगायचाच नाही.
"तिथे किसून तव्यावर टाकतात, कुरकुरीत, वर साखर."
ते ग्दान्स्क, हे मला पुढे शाळेच्या नकाशात सापडलं.
"तिथे कुटतात, कोबीची पानं घालतात,
मधोमध विहीर, विहिरीत लोणी." कॉर्क.
रॉटरडॅमलाही विहीर, पण तिच्यात डुकराचा रस्सा,
बावा कोरडीच मागायचा.

काल्याओला जहाज एकोणीस दिवस अडकलं.
धक्क्यावर एक बाई बसायची, गोल टोपीची.
पिवळा बटाटा, लिंबू, मिरची, मध्ये मासळीचा थर,
थंडगार, वडीसारखा कापलेला.
जाती किती, बावाने खुणेने विचारलं.
तिने स्वतःची बोटं मोजली,
मग पायांची,
मग बावाचा हात ओढून त्याचीही.
निघताना तिने दोन काळे खडे दिले.
रात्रीच्या हिमात ठेवलेला, पायांनी तुडवलेला,
उन्हात वाळवलेला बटाटा. लाहीइतका हलका.
आयने बिब्बे समजून फडताळात टाकले.
अजून तिथेच आहेत.

नोकरी सुटल्यावर, मार्गशीर्षात,
बावाने गोणीतले मोड आलेले निवडून कुणग्यात लावले.
भिकाजी सुतार कुंपणावरून हसला.
बावा रोज सकाळी जाऊन उभा राहायचा,
हात मागे बांधून, कप्तान तपासणीला यावा तसा.

ऐंशी दिवसांनी अकरा निघाले.
सुपारीएवढे. एक कुदळीने फुटलेला.
"ह्यापेक्षा करांदे बरे," आय म्हणाली.

मी तवा काढला, किसणी काढली,
बडीशेप, लोणी, दोन लिंबं.
आता कुठला देश, विचारलं.
बावाने सालीसकट उकडले, नुसत्या मिठात,
आणि ताटलीत ओळीने मांडून बघत बसला.

त्या संध्याकाळी बांगड्याच्या कालवणात मीठ दोनदा पडलं.
एकदा माझ्याकडून, एकदा आयकडून.
आयने न विचारता ताटलीतला एक उचलला
आणि कालवणात सोडला.
बावा बुडबुड्यांकडे बघत राहिला.
"घ्या," म्हणाला, "लागला नोकरीला."

असा बटाटा आमच्याकडे नंतर कोंबड्यांना जातो.
आयने तो पळीने वर काढला, फुंकला, मोडला.
अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा त्याच्या पानात वाढला.
"खारट," बावा म्हणाला,
पाणी प्यायला,
आणि सालही टाकली नाही.