प्रत्यय

उआमांगाच्या विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीला काच नाही, पुठ्ठा आहे.
तिथे बसून मी सातुर्निना कोराउआ यांचा आवाज
चार-चार सेकंद मागे नेतो.
एक तास बारा मिनिटं. काम म्हटलं तर सोपं:
केचुआत वाक्याला शेपूट असतं, ते ओळखायचं.
मि : मी पाहिलं, माझ्या डोळ्यांदेखत.
सि : म्हणे.
चा : असेल, असावं, कोण जाणे.
तीन रकाने, तीन रंगांच्या पेन्सिली
आणि इरिगोयेन बाईंची ताकीद,
अर्थात गुंतू नका, मोजा.

मोजलं.
बटाट्याला कीड लागली, मि.
कोल्ह्याने पाद्र्याचे बूट पळवले, सि.
धाकटी लिमाला कुणाच्या तरी घरी स्वयंपाक करते,
स्वतः पोटभर जेवत असेल, चा.
इथवर पेन्सिली सुरळीत.

मग तेओदोसिओ. नवरा.
"शिपाई आले, मि.
याच दारातून नेलं, मि.
एका पायात चप्पल नव्हती त्याच्या, मि."
टेपवर कुत्रं भुंकतं, मी तेही चौकटी कंसात लिहितो.
"आणि मारलं त्याला, सि."
मारलं, म्हणे.
सव्वीस वेळा येतो त्याचा मृत्यू तिच्या बोलण्यात
आणि सव्वीस वेळा शेपूट तेच.
मला वाटलं, मीच चुकीचं ऐकतोय.

कचेरीतल्या कारकुनाने स्पॅनिशमध्ये
लिहून घेतलं होतं : मेला.
"मी विचारलं त्याला, माझं सि कुठे गेलं?
म्हणाला, बाई, फॉर्मवर जागा नाही."
इथे ती हसते.
हसण्याला रकाना नाही.

दुसरी टेप मार्चमधली. तेव्हा मी सोबत होतो.
शाळेच्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या पुसट रेषांवर
टेबलं लावलेली, टेबलांवर कागद,
कागदावर जमिनीतून काढलेले एकेक जण.
नंबर चौदा. शेजारी लोकरीचा तपकिरी तुकडा.
तिने चष्मा काढून ठेवला, बोटांनी वाचायला घेतलं.
"टाका माझा, मि.
इथे लोकर संपली, शेजारणीची जोडली, मि.
कोपराला रफू. भांडलो होतो त्या दिवशी.
रागाने ओढलाय धागा, बघ, मि."
पांढऱ्या कोटातली मुलगी लिहायची थांबली.
कुणी घाई केली नाही तिला.
खरं तर मी केली.
अकरा मिनिटं बावीस सेकंदांवर माझा आवाज आहे:
"म्हणजे हे तेच ना?"
काय विचारणं हे.
तिने तो तुकडा वाळलेल्या कपड्यासारखा झटकला,
मातीच पडली थोडी, घडी घातली,
मग म्हणाली, "पाय्चा."
तो असावा.

बाईंनी समासात लाल शाईने लिहिलंय:
पुरावा हातात आहे, मि अपेक्षित. पुन्हा ऐका.
ऐकलं. सहा वेळा, हेडफोन बदलून.
चा.
सदतीस वर्षांत एक रकाना सरकली ती.
तेवढंच सरकायचं होतं तिला, की
उरलेला एक रकाना तिने स्वतःकडे ठेवून घेतला,
हे टेपवरून कळत नाही.
तक्त्यात मी चा भरलं. खोडलं. पुन्हा तेच भरलं.

काल बाजारात पाव घेताना आईने विचारलं,
"तुझी ती सातुर्निना, बरी आहे ना?"
"बरी" एवढं निघालं तोंडातून
आणि शेवटाशी अडकलं.
जूननंतर मी गावाकडे गेलेलो नाही.
तिथे फोन लागत नाही,
तिकडून आलेलं कुणी भेटलेलंही नाही.
आई पिशवी धरून उभी, पाववाली सुटे मागतेय.
"असावी," म्हटलं मी,
आणि खिसे चाचपू लागलो.