उलटे आटे

उद्यमनगरात आमच्या शेडच्या पत्र्याला
एक भोक होतं. रुपयाएवढं म्हणावं तर जरा लांबट.
दुपारी तीनला त्यातनं ऊन उतरायचं
आणि ग्राइंडरच्या बरोबर समोर
फरशीवर पडून राहायचं.

दस्तगीर शिकलगार नव्या माणसाला आधी तिथंच उभं करायचे.
मलाही केलं.
"कुठं हुबी हाईस?"
उन्हात, मी म्हटलं.
"फुटल्यालं चाक हितनंच गेलतं. आता सरक."
त्या भोकाबद्दल एवढंच बोलले
सोळा वर्षांत.

बाकी मात्र रोज सांगायचे.
प्लग काढ, आणि पिन डोळ्यांसमोर ठेव, बाकावर,
म्हणजे मागनं कोण लावणार नाही.
लेबल वाच. चाकावरचा आकडा मोटारीच्या आकड्याहून मोठा पायजे,
धाकट्या चाकानं थोरल्या मोटारीशी लागू नये.
भोकात बुश नीट बसंना तर ठोकू नको,
चाक म्हणजे काय खुंटी न्हवं.
दोन्ही अंगाला कागद, दोन्ही अंगाला सारख्या चकत्या.
डावीकडचा नट डावीकडं आवळतो, त्याचे आटे उलटे.
(पहिल्या आठवड्यात मी तो सोडवायला गेले
आणि पाना लोंबकळून आणखी घट्ट केला.
हसले नाहीत. चहा सांगितला.)
तारेचा ब्रश लावलास तर चष्मा घाल, मोजे काढ.
हे मला उलटंच वाटलं. आधी काढ म्हणजे?
"मोजं धरतंय ते. मग हात बी त्येचाच."
ओढणी खिळ्याला. वेणी टोपीत.

आणि सगळ्यात आधी, वाजवून बघ.
चाक बोटावर अडकवायचं
स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं
चार जागी, हळू,
दारावर ओळखीच्या माणसानं टकटक करावी तसं.
हे तर मला येत होतं.
बापट कँपात आई माठ घेताना
कुंभारीण कंटाळेपर्यंत वाजवत बसायची.

परवा शनिवारी मगदूम मालक घाईत होते,
पंपाच्या नव्वद बॉड्या, कडा तशाच खरखरीत,
टेम्पो गेटवर.
इंद्रजित नवं चाक घेऊन आला मोपेडवरनं,
हिरवं लेबल, कोरं करकरीत.
मी वाजवलं.
टण्ण. टण्ण. टण्ण.
चौथ्या जागी
थप्प.
परत वाजवलं. थप्प.
इंद्रजित आपल्या चपलेकडं बघत होता.
व्हीनस कॉर्नरच्या गतिरोधकावर पिशवी पडली होती
हे त्यानं नंतर सांगितलं,
चाकानं आधीच सांगून टाकलं होतं.

"दिसत तर काहीच नाही," मालक म्हणाले, उजेडात धरून.
खरंच दिसत नव्हतं.
मी ते मालकांच्या हातातनं घेतलं
आणि बाहेर नेऊन हातोड्यानं फोडलं,
कोपऱ्यात ठेवलेलं चाक
घाईच्या रात्री कुणाच्या तरी हाताला लागतं.
मालक काही बोलले नाहीत.
टेम्पोवाल्याला मिसळ खायला पाठवलं.

दुसरं चाक आलं, वाजलं, बसलं.
टेकू चाकाजवळ घेतला, तीन मिलीमीटर, पट्टी घालून.
हातानं फिरवून बघितलं.
मग मी इंद्रजितला दंडाला धरून बाजूला घेतलं,
बटण दाबलं,
आणि एक पूर्ण मिनिट आम्ही दोघं
काहीच करत नव्हतो.
मिनिट किती मोठं असतं ते तिथं कळतं.
आवाज आधी गुरगुरला, मग एकसारखा झाला,
तरी मी थांबले.

"पण समोर का नाही थांबायचं?" त्यानं विचारलं.
मी वर बघितलं. वर काहीच नाही.
दिवाळीआधी पत्रे बदलले,
निळे, नवे, एक थेंब गळत नाहीत.
त्याला काय दाखवणार?
फरशीवर खडूनं गोल काढला,
म्हटलं, इथं ऊन पडायचं.

जुना पत्रा मी मागून घेतला.
घरामागं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय,
वर दोन विटा.
दुपारी कधीतरी
त्यांच्या पाण्याच्या वाडग्यात लांबट रुपया दिसतो
आणि एक तांबडी कोंबडी त्यालाच चोच मारत बसते.
आई म्हणते, भोक बुजव की गं.
व्हय, मी म्हणते.
बुजवत नाही.