अर्ज अपूर्ण

पंधरा डिसेंबर, मध्यरात्रीला एक मिनिट कमी.
हॅलिफॅक्सच्या बंदरात धुक्याचा भोंगा खाकरतो
आणि अर्ज येऊन थडकत राहतात,
शेवटच्या फेरीबोटीकडे धावावीत तशी माणसं.

दोनशे बारा अर्ज. जागा चार.
मी डोरीन मॅकास्किल, विभागाची कारकून,
सव्वीस वर्षं याच खुर्चीत.
तत्त्वज्ञान मी शिकले नाही,
ते फक्त फायलीला लावते.

मला वाचायचं नसतं. बघायचं असतं:
शुल्क भरलं का, गुणपत्रक आहे का,
शिफारसपत्रं तीन आहेत की अडीच.
अडीच म्हणजे, तिसऱ्यात नुसतं
"हा माझ्या वर्गात बसत असे", आणि सही.

पण वाचते.
जेवणाच्या सुट्टीत, थर्मासमधलं वाटाण्याचं सूप पीत.
"लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती"
असं यंदा एकोणचाळीस जणांनी लिहिलंय.
मला लहानपणी बिस्किटांची होती.

टिमिन्सचा गास्पार थेरियो बर्फ हटवायची गाडी चालवतो.
विचारतो, पहाटे चारला
ज्या रस्त्यावर कुणीच नाही
तो सार्वजनिक कशावरून?
चौदा पानं, एकही तळटीप नाही.
दोन दिवस तो नांगर माझ्या डोक्यात फिरत होता.

एकीनं मागच्या नकारपत्रांची यादी जोडलीय,
सात, सालवार,
जणू त्याही पदव्याच.

आणि एनुगूची सोमादिना ओक्वुओसा.
हिचं गुणपत्रक नाही.
विद्यापीठात संप, आठवा महिना.
लिहिते: मला राज्यसंस्थेवर काम करायचं आहे.
राज्यसंस्थेनं माझे गुण कपाटात कोंडलेत
आणि किल्ली घेऊन ती गावाला गेलीय.
हे उदाहरण मी प्रबंधात वापरेन,
तुम्ही घेतलंत तर.

पडद्यावर तांबडी चौकट: अर्ज अपूर्ण.
खाली दोन बटणं.
पुढे पाठवा. काढून टाका.
थांबा, असं तिसरं बटण
कुणाला सुचलेलं नाही.

माझे वडील ग्लेस बेच्या खाणीत होते.
त्यांचाही एक अर्ज होता, पेन्शनचा.
छातीचा एक्स-रे नाही म्हणून परत आला.
परत पाठवणाऱ्या बाईचं अक्षर फार सुरेख.
आईनं ते पाकीट वर्षानुवर्षं जपलं,
रागानं नाही हो,
अक्षरासाठी.

शुक्रवार होता. मी काहीच दाबलं नाही.
कोट चढवला, मोजे शोधले,
बोटीत बसले. डार्टमथचे दिवे
जवळ येताना पाण्यात नीट उभे राहत नव्हते.

सोमवारी समिती जमली, भिंतीपलीकडे.
भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं.
शिफारसपत्रातलं "उत्तम" म्हणजे बेताचा,
"असामान्य" म्हणजे बरा,
"माझ्या तीस वर्षांत असा पाहिला नाही" म्हणजे
बघू, चहा झाल्यावर.
मग वितरणात्मक न्यायावर वीस मिनिटं,
आणि केकचा उरलेला तुकडा कुणाचा यावर पाच.

तेवढ्यात टपालात आलं: एक फोटो.
चुरगळलेलं गुणपत्रक, अर्धा शिक्का,
कडेला कागद दाबून धरणारा अंगठा,
नखाला निळा रंग, उडालेला.
कपाट कुणी उघडलं, विचारू नका, एवढंच लिहिलंय.

कलम सात: छायाचित्र ग्राह्य नाही.

हे कलम कुणी लिहिलं?
शोधायला जावं लागलं नाही.
मीच, दोन हजार नऊच्या मार्चमध्ये,
एका कंटाळवाण्या दुपारी;
रकाना रिकामा दिसत होता म्हणून.
त्यावर तेव्हा सहा प्राध्यापकांनी सह्या केल्या, न वाचता.

मी ते पान उघडलं.
"नाही"च्या पुढे कर्सर ठेवला.
तो लुकलुकत राहिला,
दिसतो, नाहीसा होतो, दिसतो.

पलीकडून हाक आली,
डोरीन, सगळे अर्ज आले का?

एक मिनिट, म्हटलं.